कुठला सुपरचार्जर घ्यावा? आधी तुमचा आरपीएम सांगा

मी गाड्या ट्यून करते. गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डायनोवर, बांधलेल्या गाडीशेजारी लॅपटॉप घेऊन बसायचं, आलेख वाचायचे, इग्निशन (ठिणगीची वेळ) अर्धा अंश पुढे-मागे करायचं, हे माझं रोजचं काम. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा पंप, लावायचं मनात घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सगळ्यात जास्त पॉवर कोण देतं? रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्यूगल?” मी म्हणते, कोणीही. योग्य मापाचं युनिट घेतलं, पुली बदलली आणि इंजिनानं सोसलं, तर तिन्हींतून जवळपास तोच कमाल आकडा काढून दाखवता येतो. तो आकडा कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) येतो, त्याच्या खाली काय हाताशी असतं आणि तिसऱ्या लॅपला त्यातलं किती उरतं, यात मात्र तिन्हींची तऱ्हा वेगळी आहे. निवड तिथे करायची.

म्हणून किट बघायच्या आधी एक काम करा. गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडीचा डेटा देणाऱ्या सॉकेटला) साधा लॉगर लावा आणि फक्त आरपीएम आणि थ्रॉटल (पाय किती दाबलाय ते) नोंदवत राहा. गाडी नेहमी चालवता तशीच चालवा, लॉगर लावलाय म्हणून शौर्य दाखवू नका. मग नोंदीतून थ्रॉटल ८० टक्क्यांच्या वर असलेले क्षण तेवढे वेगळे काढा आणि पाचशे-पाचशे आरपीएमच्या कप्प्यांत टाका. यातून दोन गोष्टी कळतात: जोर मागताना तुमचं इंजिन खरोखर कुठे फिरत असतं, आणि पाय एका दमात किती सेकंद खाली राहतो. पहिल्या उत्तरावर सुपरचार्जरचा प्रकार ठरतो, दुसऱ्यावर थंड करण्याची व्यवस्था. बहुतेकांना स्वतःची नोंद बघून धक्का बसतो. ७,००० च्या गप्पा मारणाऱ्याचा पाय प्रत्यक्षात ३,००० आणि ४,५०० च्या मधेच दाबलेला सापडतो.

तिघे काम कसं करतात

रूट्स हा सगळ्यात जुना. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फ्रान्सिस आणि फिलँडर या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी नव्हतीच. पुढे या ब्लोअरनी लोखंडाच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवली. आत दोन रोटर उलट दिशांनी फिरतात आणि रोटरच्या पाकळ्या व बाहेरचं कवच यांच्या मधल्या पोकळीतून हवा पलीकडे नेतात. रहाटगाडगं पाणी दाबत नाही, नुसतं उचलून पलीकडे ओततं. रूट्सही हवेचं तेवढंच करतो. दाब तयार होतो तो पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, कारण इंजिन घेऊ शकतं त्यापेक्षा जास्त हवा तिथे येऊन पडते. पाकळी मॅनिफोल्डच्या बाजूला उघडली की तिथली दाबातली हवा क्षणभर उलटी आत घुसते, आणि त्या धडकेत उष्णता आणि आवाज दोन्ही तयार होतात.

ट्विन-स्क्रूमध्येही दोन रोटर असतात, पण ते एकमेकांत गुंतणाऱ्या, वेगवेगळ्या आकाराच्या मळसूत्रांचे. हवा एका टोकाला शिरते आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना तिची जागा आक्रसत जाते, म्हणजे ती आतच दाबली जाते. १९३० च्या दशकात स्वीडिश इंजिनिअर आल्फ लिशोल्म यांनी हे यंत्र कामाचं करून दाखवलं. आजही काही जण ट्विन-स्क्रूला ‘लिशोल्म’च म्हणतात. बाहेर पडताना हवा आधीच दाबलेली असल्यामुळे उलट्या धडकेचा त्रास कमी आणि जास्त बूस्टला (वातावरणाच्या वरच्या दाबाला) कार्यक्षमता चांगली. पण जे आत दाबलं जातं ते सतत दाबलं जातं. तुम्ही शांतपणे हायवेवर चालला असाल आणि जादा हवा वळवून देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असेल, तेव्हा रूट्स जवळजवळ फुकट फिरतो. ट्विन-स्क्रू मात्र थोडी मेहनत करतच राहतो. मर्सिडीजच्या ५.४ लिटरच्या एसएल ५५ एएमजीमध्ये ट्विन-स्क्रूला विद्युतचुंबकीय क्लच दिला होता, त्याच्या मागे हाच हिशेब.

या दोघांनाही विस्थापनाचे सुपरचार्जर म्हणता येईल: एका फेरीला ठरावीक लिटर हवा. त्यामुळे २,००० आरपीएमला पाय दाबला तरी बूस्ट हजर.

सेंट्रिफ्यूगलचं तंत्र निराळं आहे. त्यात टर्बोसारखंच कंप्रेसर चाक असतं, फक्त ते एग्झॉस्टऐवजी बेल्टवर फिरतं. हवा मधून शिरते, कडेला भिरकावली जाते, आणि तिचा वेग पुढे दाबात बदलतो. हे चाक भयानक वेगानं फिरावं लागतं, म्हणून आत वेग वाढवणारे गिअर असतात. समजा क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली १८० मिलिमीटर, सुपरचार्जरची ९०, आणि आतला गिअर ३.६ पट. इंजिन ७,००० वर असताना चाक ५०,४०० फेऱ्यांवर असतं. दाब चाकाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि सेंट्रिफ्यूगलबद्दलचं बहुतेक सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे. ७,००० ला १२ पीएसआय (दाबाचं एकक) मिळत असेल, तर ३,५०० ला निम्मे सहा मिळत नाहीत, सुमारे ३ मिळतात.

याचं टोक बघायचं असेल तर १९५० च्या बीआरएम रेसिंग कारकडे बघा. दीड लिटरचं १६ सिलिंडरचं इंजिन आणि त्याला रोल्स-रॉइसचा दोन टप्प्यांचा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर. आरपीएम चढतील तशी पॉवर इतकी वाढायची की सरळ रस्त्यावरही चाकं जागेवर फिरायची, आणि चालकाला थ्रॉटल उघडायची भीती. त्यामानानं आजची किट सभ्य असतात, पण वक्राचा स्वभाव तोच.

गिअर बदलल्यावर काय होतं

इथे एक गैरसमज सांगते, कारण तो अनुभवी लोकांतही असतो. “सेंट्रिफ्यूगलला खाली दम नाही, म्हणजे तो ट्रॅकला नको.” तुमच्या गिअरचे आकडे घ्या आणि मांडून बघा. दुसऱ्याचं प्रमाण १.७ आणि तिसऱ्याचं १.३ असेल, तर ७,००० ला गिअर बदलल्यावर इंजिन ५,३५० च्या आसपास येतं. वर्गाच्या नियमानं तिथे १२ ऐवजी ७ पीएसआय उरतात, आणि तिथून ते पुन्हा चढत जातात. जवळजवळचे गिअर असलेल्या गाडीला वेगवान ट्रॅकवर ३,५०० फक्त एखाद्या हेअरपिनमध्येच दिसतं. आणि त्या हेअरपिनमधून निघताना कमी टॉर्क असणं मागच्या टायरना आवडतंच. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, उंच रेव्हची गाडी असेल, तर पाय दाबताना वाढत जाणारा टॉर्क सांभाळणं सोपं जातं. गिअरबॉक्स कमजोर असेल तर अजूनच, कारण गिअरचे दात टॉर्कनं मोडतात, पॉवरनं नाही.

आता हीच गाडी रस्त्यावर आणा. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० वर रमतगमत चाललात आणि ओव्हरटेकसाठी पाय दाबलात. रूट्सवाला निघून गेलेला असतो. सेंट्रिफ्यूगलवाला गिअर खाली घेत असतो. ज्याच्या नोंदीतले कप्पे ४,००० च्या खाली भरलेत, त्यानं सेंट्रिफ्यूगल घेतला तर पैसे अशा पॉवरवर घातले जिच्यापर्यंत तो जातच नाही.

उष्णता, म्हणजे खरा खर्च

डायनोवरचा पहिला रन सगळ्यांचाच देखणा येतो. मी तिसरा-चौथा बघते, मधे थंड व्हायला वेळ न देता.

हवा दाबली की तापते, आणि कार्यक्षमता कमी असेल तेवढी जास्त तापते. ३० अंशांची हवा आणि १२ पीएसआय बूस्ट धरा. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.८२. आदर्श कंप्रेसरमध्येही ही हवा ५६ अंशांनी तापेल. ७५ टक्के कार्यक्षमतेच्या यंत्रात ती १०५ अंशांवर पोचते, ५५ टक्क्यांच्या यंत्रात १३२ वर. वरचे सत्तावीस अंश इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या, माथी. शिवाय ती उष्णता आकाशातून पडलेली नसते, ती बेल्टमधून क्रँकनंच दिलेली असते. ६०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला मिनिटाला साधारण २७ किलो हवा लागते. तेवढी हवा या दोन यंत्रांतून न्यायला पहिलं सुमारे ४५ हॉर्सपॉवर खातं, दुसरं ६१, तेही घर्षण सोडून. डॉजच्या ७०७ हॉर्सपॉवरच्या हेलकॅटमध्ये २.४ लिटरचा ट्विन-स्क्रू पूर्ण वेगात सुमारे ८० हॉर्सपॉवर घेतो. एका छोट्या हॅचबॅकचं अख्खं इंजिन फक्त ब्लोअर फिरवण्यात.

यावरून “रूट्स म्हणजे गरम, ट्विन-स्क्रू म्हणजे थंड” असा निकाल जुने लोक देतात. ५५ टक्के हा आकडा त्या जुन्या तीन पाकळ्यांच्या, कमी पीळ दिलेल्या रूट्सचा. ईटन कंपनीच्या रूट्सच्या टीव्हीएस मालिकेत चार पाकळ्या आणि १६० अंशांचा पीळ आला आणि चांगल्या टापूत कार्यक्षमता सत्तरच्या पुढे गेली. २०२० च्या मस्टँग शेल्बी जीटी५०० मध्ये २.६५ लिटरचा टीव्हीएस आहे, १२ पीएसआयवर ७६० हॉर्सपॉवर. त्यामुळे ८ ते १२ पीएसआयच्या घरात आधुनिक रूट्स आणि ट्विन-स्क्रू यांच्यातल्या फरकावर मी झोप उडवत नाही. १५ च्या पुढे जायचं असेल तर ट्विन-स्क्रू पुढे निघतो. जुना वापरलेला तीन पाकळ्यांचा ब्लोअर स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल, तर मात्र वरचं गणित पुन्हा वाचा.

प्रकाराइतकंच मापही महत्त्वाचं. छोटा ब्लोअर छोट्या पुलीवर पिळून काढलेला बूस्ट नेहमी गरम असतो. मोठा ब्लोअर सावकाश फिरवून मिळवलेला तोच बूस्ट थंड. शेव्हरलेनं सी७ पिढीच्या कॉर्व्हेट झेड०६ ला १.७ लिटरचा ब्लोअर दिला होता, ६५० हॉर्सपॉवर. २०१९ च्या झेडआर१ ला ७५५ साठी २.६५ लिटरचा दिला आणि सोबत उष्णता टाकणारे रेडिएटर आणि कूलर मिळून संख्या तेरावर नेली. तेरा! हॉर्सपॉवरच्या आकड्यापेक्षा मला हा आकडा जास्त बोलका वाटतो.

दोन गटांची थंड करण्याची पद्धतही वेगळी पडते. रूट्स आणि ट्विन-स्क्रू सहसा इंजिनाच्या डोक्यावर, व्ही इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधे बसतात आणि त्यांचा इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच असतो. हवेची उष्णता पाण्यात, पाणी पंपानं पुढच्या छोट्या रेडिएटरकडे. पाच-दहा सेकंदांच्या झटक्यांना हे उत्तम, कारण पाणी उष्णता गिळून बसतं. सलग ट्रॅकवर पाणी तापत जातं आणि मग पुढचा रेडिएटर जेवढी उष्णता टाकेल तेवढीच तुमची पॉवर. शिवाय ब्लोअर गरम इंजिनावर बसलेला. पिटमध्ये उभ्या गाडीत त्याचं कवचच तापून निघतं. सेंट्रिफ्यूगल इंजिनाच्या पुढच्या बाजूला ब्रॅकेटवर असतो, त्याची हवा पाइपमधून थेट नाकातल्या हवेवर थंड होणाऱ्या इंटरकूलरकडे नेता येते. वेग असेपर्यंत तो थकत नाही. तोटा असा की तो मूळ रेडिएटरची हवा अडवतो, आणि मग शीतकाचं तापमान बघत बसावं लागतं. तुमच्या नोंदीत पाय सलग बारा-पंधरा सेकंद खाली राहत असेल, तेही लॅपमागून लॅप, तर माझं पारडं सेंट्रिफ्यूगलकडे झुकतं.

बॉनेट उघडून मोजा

प्रकार मनात ठरला की टेप घेऊन बॉनेटखाली जा. डोक्यावर बसणाऱ्या ब्लोअरला उंची लागते, आणि कित्येक किटमध्ये बॉनेट कापणं किंवा उंच बॉनेट घेणं न सांगितलेल्या खर्चात असतं. फोर्डनं जीटी५०० मध्ये ब्लोअर उलटा करून इंजिनाच्या खाचेत खाली बसवला, वजनही खाली गेलं. बाहेरून घेतलेल्या किटमध्ये अशी चैन क्वचित. आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात बाजूला जागा असते, तिथे छोटा रूट्स चांगला बसतो. लोटस एक्सीज एसमध्ये १.८ लिटरच्या टोयोटा इंजिनावर ईटनचा एम६२ होता. सेंट्रिफ्यूगलला उंची नको, पण पाइपांसाठी वाट हवी. शिवाय त्याच्यात थ्रॉटल हवेच्या वाटेत कंप्रेसरच्या नंतर असतो, म्हणून पाय उचलताना अडकलेल्या दाबाला वाट देणारा व्हॉल्व्ह चांगल्या प्रतीचाच घ्या. नाहीतर हवा उलटी फिरते आणि चाक थरथरतं.

सेंट्रिफ्यूगलमध्ये तेलाची चौकशीही करा. काही युनिट इंजिनातलं तेल घेतात, मग परतीसाठी ऑइल पॅनला भोक पाडावं लागतं. काहींचं तेल स्वतःचं असतं. रोट्रेक्स कंपनीच्या युनिटमध्ये दात असलेले गिअर नाहीत, गुळगुळीत रोलर खास तेलाच्या पकडीवर चाक फिरवतात. त्यात दुसरं कुठलं तेल ओतू नका, कितीही महागडं असलं तरी. जोडीनं लावलेल्या रोट्रेक्सच्या बळावरच कोएनिगसेग सीसीआर २००५ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर ताशी ३८७ किलोमीटरच्या पुढे गेली होती, तेव्हा तंत्राबद्दल शंका नको.

बेल्टबद्दल कुणी विचारत नाही आणि मला निम्मा वेळ बेल्टच छळतो. तीन-चार डझन हॉर्सपॉवर एका रबरी पट्ट्यातून जाणार असतात. सहा खाचांचा मूळ बेल्ट माफक बूस्टपुरता. पुढे आठ किंवा दहा खाचांचा, आणि पुलीभोवती त्याचा वेढा जितका जास्त तितका बरा. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांत क्रँकच्या पुढच्या पुलीला ‘की’ (पुली घसरू न देणारी खुंटी) नसते, ती नुसती दाबून बसवलेली असते, म्हणून तिथे पिन मारल्याशिवाय मी बूस्टची गाडी डायनोवर घेत नाही. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत) चढतच गेला पाहिजे. आलेखात तो ६,००० नंतर सपाट झाला, तर आधी बेल्ट बघा, मग हवेचा फिल्टर, आणि मगच सुपरचार्जर छोटा पडला असं म्हणा.

इंजिनाची बाजू थोडक्यात. मूळ कम्प्रेशनचं गुणोत्तर ११ च्या वर असेल आणि पिस्टन कंपनीचेच असतील, तर मी ६ ते ८ पीएसआयवर थांबते, प्रकार कुठलाही असो. डायरेक्ट इंजेक्शनचं (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन असेल तर उंच दाबाचा पंप कॅमवर चालतो आणि त्याची मर्यादा लवकर येते; सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, पोर्टमध्ये, जादा इंजेक्टर लावायची तयारी ठेवा. रूट्स आणि ट्विन-स्क्रूमध्ये नॉकची (इंधनाच्या अवेळी भडक्याची) काळजी खालपासून घ्यावी लागते, कारण २,५०० ला पूर्ण बूस्ट आणि सावकाश फिरणारं इंजिन, म्हणजे ज्वलनाला बिघडायला वेळच वेळ. सेंट्रिफ्यूगलमध्ये माझं बहुतेक काम आरपीएमच्या वरच्या एक तृतीयांश भागात असतं. क्लच आणि मागच्या टायरचे पैसे पहिल्या दोघांच्या बाबतीत बाजूला काढूनच ठेवा.

आवाजाचं काय? ट्विन-स्क्रूची शीळ ऐकायची म्हणून तो घेणारे लोक येतात. ते तसं सरळ सांगतात तेव्हा मला आवडतं. उगाच कार्यक्षमतेच्या आडून येऊ नका, गाडी तुमची आहे.

मला विचाराल तर: जड व्ही८, रस्त्यावर जास्त, अधूनमधून ट्रॅक, तर मोठ्या मापाचा टीव्हीएस, सावकाश फिरवलेला. ७,५०० च्या पुढे फिरणारी हलकी गाडी आणि मालक नियमित ट्रॅकवाला, तर सेंट्रिफ्यूगल आणि शक्य तेवढा मोठा इंटरकूलर. चारशे मीटरची धाव आणि १५ च्या वर बूस्ट हाच छंद, तर ट्विन-स्क्रू. तिथे दोन धावांमधे पाण्याच्या टाकीत बर्फ टाकायला वेळ मिळतो.

किट मागवताना सोबत सुपरचार्जरची एक माप मोठी पुली मागवा आणि सुरुवात तिच्यावर करा. बूस्ट दोन-तीन पीएसआय कमी मिळेल, मिळू द्या. त्या पुलीवर सलग तीन लॅपची नोंद घ्या आणि चार रेषा बघा: इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान, इंधनाचा दाब, नॉकमुळे ईसीयूनं (इंजिनाच्या संगणकानं) मागे घेतलेलं इग्निशन, आणि आरपीएमसोबतचा बूस्ट. तिसऱ्या लॅपला हवा ६० अंशांच्या खाली असेल, इंधनाचा दाब वर जाताना झुकत नसेल, इग्निशन मागे जात नसेल आणि बूस्टची रेषा पहिल्या लॅपसारखीच असेल, तर छोटी पुली चढवा आणि हीच नोंद पुन्हा घ्या.